ह्यांचे कपडे

११ ऑक्टोबर १९५७, जामसंडे
कागद आले. मोंबासातल्या मराठी मंडळींच्या शाळेवर शिक्षिका म्हणून जायचं. हेडमास्तर म्हणाले, "एकट्या बाईने समुद्र ओलांडायचा म्हणजे धाडसच." खरं कारण त्यांना माहीत आहे. विचारलं नाही, बरं केलं.
दत्ताराम मे महिन्यात रजेवर आला आणि ओटीवर बसून सांगून गेला, त्यालाही आता किती महिने झाले. ह्यांचा लहानपणचा मित्र, तिकडे मोंबासात शिवणकाम करतो. नाकुरू गावच्या स्टेशनावर त्याला एक माणूस पाठमोरा दिसला. चाल ह्यांची. त्याने "भालू रे" म्हणून हाक मारली. माणूस थांबला, पण वळला नाही. मग गर्दीत शिरला.
सहा वर्षं होतील हे आफ्रिकेला गेल्याला. पहिलं वर्षभर पत्रं, मग काही नाही. मी कुंकू लावते. लोक कपाळाकडे बघतात आणि नजर वळवतात.

१४ ऑक्टो.
पत्र्याची ट्रंक आणली. होल्डॉल भावाचा. द. आणि त्याची बायको सुमन परत जाताहेत, त्यांच्याच सोबतीने जायचं. सुमनने सामान पाहिलं. नऊवारी एकच ठेवा म्हणाली, बोटीच्या शिडीवर पाय अडकतो. पोलकी जास्त शिवा. कुळथाचं पीठ, सोलं, मसाला डब्यात, वर फडकं बांधून. नाकुरूकडे डोंगराची थंडी, लोकरीचं काहीतरी हवंच.
घरात लोकरीचं एकच. ह्यांचा कोट. लग्नाआधी मुंबईत शिवलेला. जाताना "आफ्रिकेत कसली थंडी" म्हणून मागे ठेवला.
मी कोटाला हात लावला तशा सासूबाई आतून म्हणाल्या, "तो भालूचो. तेचो तेका नेवन दी." आणि मग, "सगळेच कपडे ने. तो काय घालता आसतलो तिकडे?"

१६ ऑक्टो.
आयेने, सासूबाईंना मीही आयेच म्हणते, ह्यांचे कपडे दोरीवर वाळत घातले. दर पावसाळ्यानंतर घालते. दुपारी शाळेतून आले तर पांढरा शर्ट वाऱ्याने भरलेला, छाती पुढे, बाह्या उचललेल्या. दारातच थांबले. वारा पडला, शर्टही पडला.
संध्याकाळी बोलणं झालं. ट्रंकेत जागा नाही, म्हटलं. जागा आहे. पण नेले तर हे जिवंत आहेत असं मीच कबूल केल्यासारखं होतं, आणि ठेवले तर... हे आयेला कसं सांगणार.
ती म्हणाली, "तुझ्या मनात तो नाय. माका कळता."
जेवलो नाही दोघी.

१९ ऑक्टो.
सकाळी उजाडता उजाडता पाण्याला गेले. विहिरीवर हे उभे होते. पाठमोरे. कोट अंगात, मान जराशी डावीकडे, असेच उभे राहायचे. माझ्या तोंडून फक्त "अहो" एवढंच आलं.
वळली ती आये.
मग म्हणाली, "कोट माणसाच्या अंगाक लागाक होयो गो. नुसतो पेटयेत पडान रवलो तर भालूक वळखूचो नाय." किती वर्षं घालते असा, मी विचारलं नाही. बाह्या तिच्या बोटांच्या खाली लोंबत होत्या. मी त्या दुमडून दिल्या.
दिवसभर शाळेत पाढे घेताना तीच पाठ समोर. ती तिची होती हे माहीत असूनही ह्यांचीच.

२० ऑक्टो.
कपडे भरले. तळाशी ह्यांचे, वर माझे, मध्ये डांबराच्या गोळ्या. आये बाजूला बसून घड्या घालत होती. धोतर, दोन शर्ट, गंजीफ्रॉक. कोट शेवटी. झाकण लागेना, तिने गुडघा टेकून दाबलं.
आज बरीच बोलली. लहानपणी हे कुणकेश्वराच्या जत्रेत हरवले होते त्याबद्दल. सापडले तेव्हा रडत नव्हते, भजी खात बसले होते. "तेका हरवलंय असा वाटलाच नाय," म्हणाली.

२४ ऑक्टो., स्टीमरवर
देवगड बंदरातून होडीने स्टीमरपर्यंत. ट्रंक चढवताना कलंडली, मी दोन्ही हातांनी धरली. आये धक्क्यावर. निघताना एवढंच: "भेटलो तर सांग, आये रागावलेली नाय." नाही भेटला तर काय, हे तिने सांगितलं नाही.

नोव्हेंबर, बोटीवर. तारीख नीट आठवत नाही
मुंबई सोडल्यापासून उलट्या. आज बरं. डेकवर हे दिसतात. कठड्याशी, जिन्यावर, चहाच्या रांगेत. जवळ गेलं की कोणीतरी भलतंच. सुमन म्हणते झोपा. झोपले की खाली सामानात कोणी कुशी बदलतंय असं वाटतं.

१६ नोव्हें., मोंबासा
पोचलो. शाळा सोमवारपासून, पण मी चार दिवस उशिरा येते असं कळवलं. उद्या द. सोबत आगगाडीने नाकुरू. सुमन म्हणाली, ट्रंक कशाला, पिशवी न्या. मी ट्रंक घेतली.

१८ नोव्हें., नाकुरू
द.च्या ओळखीच्या घरी उतरलो. थंडी खरंच आहे. मी शालीत, कोट ट्रंकेत.
स्टेशनजवळ धान्याचं दुकान. द.ने चौकशी केली. एक कोकणातला माणूस आहे म्हणाले, लॉरीवर गेलाय, दुपारी येईल. नाव वेगळंच सांगितलं. समोरच्या झाडाखाली थांबलो.
लॉरी आली. माणूस उतरला, ड्रायव्हरशी तिकडच्या भाषेत हसून काही बोलला. केस मागे विरळ. मान जराशी डावीकडे. दुकानामागच्या खोलीतून एक छोटी मुलगी धावत आली, त्याने उचलून घेतली आणि तोंड तिच्या केसांत खुपसलं. तसाच आत गेला.
द. हलक्या आवाजात म्हणाला, "वयनी, हाक मारू?"
नको म्हटलं.
परत येताना त्याने विचारलं, "तोच ना?"
"तोंड दिसलं नाही," मी म्हटलं. खोटं नव्हतं.
उद्या सकाळी लवकर गाडी आहे, ती धरू असं द.चं म्हणणं. शाळा उघडलीय. संध्याकाळीही एक असते. संध्याकाळच्या गाडीने जाऊ, असं मी सांगितलंय. कोट ट्रंकेतून काढून वर ठेवलाय.