जोडा काढलेल्याचं घर

२ नोव्हेंबर २०२०, सोमवार

आई फोनवर रडली नाही. तिथेच मला कळायला हवं होतं! एप्रिलपासून रोज रडते. आज आवाज एकदम सरळ, बाजारात भाव विचारावा तसा.

"लोक्या, प्रणितासाठी तुझं मनात आलंय माझ्या."

मला वाटलं वहिनीला काही आणून द्यायचंय. मग टाळकं ठिकाणावर आलं. प्रणिता म्हणजे दादाची बायको. मी दीर.

"तुझ्या आजोबांच्या वेळेला दिराशी पाट लावायचे. बाई घरातली घरात राहायची. ती तिकडे एकटी, तू असा उंडारत. दोघांचंही मार्गी लागेल. पाट नको म्हणू हवं तर, कोर्टात सह्या करा. तिला इतक्यात काही बोलू नकोस. बाबांना तर मुळीच नको."

मी म्हटलं, रेंज जातेय. हॉलंडच्या या झूटरमेरमध्ये रेंज कधीच जात नाही.

४ नोव्हेंबर

वहिनीच्या तोंडाकडे बघवत नाही. ती लायडनला लॅबमध्ये जाते, संध्याकाळी येते, ओट्याशी उभ्यानेच जेवते. मी आतल्या छोट्या खोलीत. दादानेच मार्चमध्ये बोलावून घेतलं होतं — "लिस्बनला बसून काय करतोस, सीमा बंद व्हायच्या आत ये." डिप्लोमा सोडल्याबद्दल एक शब्द बोलला नाही. आणि मग एप्रिलमध्ये कोविडने तोच गेला. हॉस्पिटलच्या दारापर्यंतही जाऊ दिलं नाही आम्हाला. त्रिशरण झूमवर. बाबांचा माइक बंद राहिला होता, नुसते ओठ हलत होते.

आज सायकल काढून हूफडॉर्पला गेलो. दादाचं ऑफिस बघायला, का ते माहीत नाही. सगळ्या इमारती काळोख्या. येताना कालव्यावर एक बगळा दिसला, एका पायावर. त्याच्याकडे बघत इतका वेळ उभा राहिलो की बोटं बधिर झाली. कशासाठी निघालो होतो तेच विसरलो.

११ नोव्हेंबर

शेजारच्या मेनेर दे फ्रीसना (मेनेर म्हणजे इथलं 'साहेब') सांगून टाकलं! ऐंशीच्या पुढचे आहेत, ज्यू, एकटेच. बाहेर पडायचं नाही म्हणून त्यांचं दूध-पाव मी आणतो. ते दारात खुर्ची टाकून बसतात, मी गॅलरीच्या कठड्याला टेकून. मध्ये दीड मीटर हवा. आमचं बोलणं इंग्रजीतच. म्हटलं, आमच्या आईचं डोकं बघा कसं चालतं. हसतील असं वाटलं.

हसले नाहीत. म्हणाले, "तुझी आई मोशेच्या कायद्याने बोलतेय. भाऊ मूल न होता मेला, तर दिराने त्याच्या बायकोशी लग्न करायचं. भावाचं नाव पुसलं जाऊ नये म्हणून."

"आणि दीर नाही म्हणाला तर?"

"तर गावच्या वडीलधाऱ्यांसमोर ती त्याच्या पायातला जोडा काढते. तोंडावर थुंकते. मग त्याच्या घराला नाव पडतं — जोडा काढलेल्याचं घर." माझ्या पायाकडे बघून म्हणाले, "तुझे फाटलेच आहेत. फार कष्ट पडायचे नाहीत तिला."

१२ नोव्हेंबर

मोबाइलवर मराठी बायबल उतरवून घेतलं. त्या पुस्तकाचं नाव मराठीत 'अनुवाद'. अध्याय पंचविसावा. जोड्यापर्यंत पोचायला दुपार गेली, कारण त्याच्या अगदी वरच मळणीचा बैल आहे. मळणी चालू असताना त्याचं तोंड बांधू नको! म्हणजे मुसकं घालू नको. मामाकडचा बैल आठवला. मग मागे गेलो. नवं घर बांधशील तर गच्चीला कठडा कर, कुणी पडून मरेल. लोकर आणि ताग एकत्र विणलेलं घालू नको. घरट्यात पिल्लांवर आई बसली असेल तर आधी आईला जाऊ दे. कुणी बसून एवढा विचार केला असेल?

आणि मग त्याच बायबलातलं 'लेवीय' नावाचं पुस्तक. महारोग झालेल्याने कपडे फाडायचे, ओठ झाकायचे, "अशुद्ध! अशुद्ध!" ओरडत छावणीबाहेर राहायचं. मोबाइल खाली ठेवला. आमच्या पणज्याला रोग नव्हता, तरी गावाबाहेरच होता. इथे वस्तीत मास्क लावून फिरताना मला गंमत वाटायची. आज वाटली नाही.

त्याच पुस्तकात हेही सापडलं — भावाच्या बायकोला हात लावू नको, ते पाप. मग पंचविसावा अध्याय काय म्हणतोय? एकच देव, दोन कायदे!

१५ नोव्हेंबर, रविवार

मेनेर म्हणाले, मूल असेल तर पाप, नसेल तर कर्तव्य. दादाला मूल नव्हतं.

मग म्हणाले, पुढे पुढे लग्न मागे पडलं, जोडाच उरला. धर्मपीठाकडे एक चामड्याचा जोडा ठेवलेला असतो. तो दिराने घालायचा, तिने सोडायचा, जमिनीवर थुंकायचं. झालं — बाई मोकळी. शिक्षा होती, तिची सुटका झाली.

"माझ्या मावशीचा नवरा नाझींच्या छावणीत मेला. कळलं. दीर त्याच गाडीने गेलेला, त्याचं काहीच कळलं नाही. जोडा काढायला पाय कुठून आणायचा?"

मी विचारलं, मग? ते म्हणाले, रब्बींनी काहीतरी मार्ग काढला असता, ती विचारायला गेलीच नाही. खिडकीशी बसायची. मी दुधाच्या बाटल्या आत सरकवल्या.

२२ नोव्हेंबर

वहिनी आज जेवताना खाली बसली. बसली तर दादाबद्दल प्रश्न. सुयश शाळेत मागे बसायचा का पुढे? सायकल कुणी शिकवली? पेरूच्या झाडावरून पडला ते खरं का — कुठला पाय? मी म्हटलं, डावा. मग म्हटलं, मी ढकलला होता. ती हसली! किती तरी दिवसांनी. मग ताट घेऊन उठली आणि नळ मोठा सोडला.

खरं लिहितो, इथे कुणी वाचत नाही. त्या वेळी वाटलं, हो म्हणावं. उबदार घर, समोर कुणीतरी. मग नजर दादाच्या खुर्चीवर गेली — मी त्यातच बसलो होतो.

२९ नोव्हेंबर

आई — "विचार केलास का?" मी — "करतोय." आई — "लवकर कर रे बाबा." कुणाची घाई आहे हिला?

६ डिसेंबर, रविवार

करून टाकलं.

महापरिनिर्वाण दिनाची वंदना सगळ्यांनी व्हिडिओवर केली. वहिनीने मेणबत्ती लावली होती, माझ्या शेजारीच बसली होती. वंदना संपली आणि आई म्हणाली, "लोकेश, काय ठरलं?" सगळ्यांसमोर! बाबांचं तोंड उघडंच.

मग मी सुटलो. म्हटलं, वहिनी काय म्हैस आहे, याच्या दावणीची सोडून त्याच्या दावणीला बांधायला? तीन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनीसुद्धा बाईला मोकळं करायची सोय ठेवली होती. दादा गेला. ती मोकळी आहे. मी नाही करणार. बोलताना मला माझाच आवाज आवडत होता.

बाबा म्हणाले, "शाब्बास!" मग आईकडे वळले, "छप्पन साली बापाने टाकलेलं तू उचलून आणतेस?"

आई त्यांच्याकडे बघत नव्हती. माझ्याकडेही नाही. वहिनी म्हणाली, "चहा ठेवते," आणि उठली.

चहा काही आला नाही.

७ डिसेंबर

हलकं वाटतंय. लिस्बनची बस बघून ठेवली.

१३ डिसेंबर

मेनेरना सगळं रंगवून सांगितलं. वाटलं, पाठ थोपटतील — दीड मीटरवरून का होईना.

म्हणाले, "वडीलधाऱ्यांकडे तक्रार घेऊन कोण जातं, ते वाचलंस ना?"

"बाई."

"काय तक्रार?"

"दीर नाही म्हणतो, अशी."

"मग?"

मग काय! म्हातारा खवचट आहे. दार लावून घेतलं त्यांनी.

१४ डिसेंबर

पुन्हा सगळं बंद. टीव्हीवर जाहीर केलं. दुकानं, शाळा, सगळंच. बस रद्द. वहिनी घरात फिरते, बोलत नाही. पेरूबद्दल नाही, कशाबद्दलच नाही.

१६ डिसेंबर

आज मीच विचारलं, माझं काही चुकलं का.

"आईंनी ऑक्टोबरमध्येच विचारलं होतं मला," वहिनी म्हणाली. "मी हो म्हटलं होतं. तुला सांगू नका म्हटलं, तू दया येऊन हो म्हणाला असतास." मग कोट घातला. "सुयश लहान असताना कसा होता, ते या देशात दुसऱ्या कुणाला माहीत आहे?"