बत्तीस नंबरच्या उंटिणीचा बंदोबस्त

४ फेब्रुवारी, सकाळ
आजपासून रोजनिशी. कारण : सूड. माझा राग दोन दिवसांत निवतो, असा अनुभव आहे (पाहा : सासुरवाडीतले फ्रिज प्रकरण). हा निवता कामा नये, म्हणून लिहून ठेवतो.

काल काय झाले. आमचे पथक उंटांच्या नाकातले नमुने घेते. उंटाकडून माणसाकडे येऊ शकेल असा कोरोना विषाणू कुठे फिरतोय का, हे बघायला. म्हणजे जगाच्या हिताचे काम. उंट बसवायचा, मालकाने डोके धरायचे, मी नाकपुडीत काडी फिरवायची, काडी बाटलीत, बाटली बर्फात. बत्तीस नंबरच्या उंटिणीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि पोटातून काढून पाटीभर हिरवा चोथा माझ्या तोंडावर थुंकला. चष्मा, मास्क, खिशातले पेन, सगळे हिरवे.

पथकाच्या मुख्य डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. पाठ करून उभ्या राहिल्या. पण खांदे हलत होते. माझ्या हाताखालच्या पोराने (यापुढे हसऱ्या) व्हिडिओ काढला.

४ फेब्रुवारी, संध्याकाळ
व्हिडिओ घरी पोचला. हिने तीनदा पाहिला. मग मलाच विचारले की तुम्ही त्या बिचारीला आधी काय बोललात. मी अडवायच्या आत तो सासूबाईंकडे गेला. मेहुण्याने त्याला गाणे लावले.

संकल्प : आधी बत्तीस नंबर, मग हसऱ्या, मग मेहुणा. एकेकाला बघून घेतो.

६ फेब्रुवारी
योजना तयार. अत्यंत शास्त्रीय. उंटीण पॉझिटिव्ह निघाली की केंद्रामागच्या पत्र्याच्या गोठ्यात एकटी बंद. मैदानावर मुलांना पाठीवर घेऊन मिरवणे बंद. मी रोज समोर उभा राहून चहा पिणार. तिची मालकीण, उंटवाल्या मावशी, पोटापाण्यासाठी तिच्यावरच अवलंबून आहेत हे खरे. पण शिस्त आधी मालकानेच लावायची असते.

पहिला नमुना चोथ्यात वाया गेल्यामुळे पुन्हा घ्यायचा आहे. मीच घेणार. पथकप्रमुखाची जागा रिकामी आहे आणि महिनाअखेर बाई ती भरणार आहेत. एका दगडात दोन पक्षी. हसऱ्या तिसरा.

९ फेब्रुवारी
नाक गळते आहे. धूळ. उंटांच्या कामात धूळ फार. हिला सर्दी वाटते. हिला काय कळते? सर्दी झालेल्याने कळपात जायचे नाही, हा नियम केंद्रातल्या फळ्यावर मीच स्वतःच्या अक्षरात लिहिला आहे. सर्दी कशाला म्हणतात हे मला माहीत असणारच. शिवाय मी घरी बसलो तर बत्तीस नंबरचे नाक हसऱ्याच्या हाती जाईल. ते मी जिवंतपणी होऊ देणार नाही.

१० फेब्रुवारी
धूळ वाढली. आता अंगही दुखते आहे. धुळीनेच.

१२ फेब्रुवारी, दुपार
झाले! अखेर समोरासमोर.

मावशींनी तिला बसवले, डोके मांडीशी धरले, कानात काहीतरी पुटपुटल्या. आणि मला म्हणाल्या की साहेब, सर्दी दिसतेय, आज राहू द्या. मी सांगितले की धूळ आहे. मास्क मुद्दामच हनुवटीवर ओढला. आपल्याला कोण हरवतोय हे तिला दिसायला नको? तोंड झाकून घेतलेल्या सुडात काय मजा? डोळ्याला डोळा लावला. ती मुकाट्याने बसून राहिली. काडी आत, काडी बाहेर. तेवढ्यात दोनतीन शिंका आल्या, पण मी मान वळवली होती. बहुतेक.

हसऱ्याने या वेळी मोबाइल काढला नाही. माझ्यावर जळला असणार.

१६ फेब्रुवारी
पॉझिटिव्ह! बत्तीस नंबर पॉझिटिव्ह! कोणता कोरोना ते पुढच्या तपासणीत कळेल, पण आहे कोरोनाच. बाकीचे सगळे कळप साफ. बाई म्हणाल्या की एवढ्या कळपांत एकच सापडली, नमुना घेणाऱ्याचे कौतुक आहे. हसऱ्याकडे बघायला मी विसरलो नाही.

संध्याकाळी ठरल्याप्रमाणे गोठ्यासमोर चहा. ती आत रवंथ करत होती. मावशी बाहेर पोत्यावर बसल्या होत्या. त्यांनी विचारले की हिला मारणार तर नाहीत ना. मी म्हणालो, बघू. असे म्हणायची गरज नव्हती.

चहा गेला नाही. जेवणही गेले नाही. धूळ पोटात गेली असावी.

१९ फेब्रुवारी
पुढचा अहवाल आला. घोटाळा! विषाणू उंटांचा नाहीच. माणसांच्या साध्या सर्दीत असतो तो, कोरोनाच्याच घराण्यातला. म्हणजे पथकातल्या कोणीतरी नमुन्यावर शिंकून ठेवले आहे. उंटीण निर्दोष, उद्या सुटणार.

क्षणभर वाईट वाटले. मग लख्ख प्रकाश पडला. हसऱ्या! बर्फाचा डबा त्याच्याच हातात होता. मी सगळ्यांसमोर बाईंना ठणकावले की दोषी माणूस पथकात राहता कामा नये, मग तो कितीही जुना असो. सगळ्यांची नाके तपासा. बाई माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मी बोललो ते त्यांना पटले असावे.

२० फेब्रुवारी
सगळ्यांची तपासणी गोठ्यातच ठेवली. मोकळी हवा, म्हणून. दारात बत्तीस नंबर घरी जायला उभी. मला उलट्या बादलीवर बसवले. काडी हसऱ्याच्या हातात.

ती काडी फार लांब असते. बाहेरून एवढी वाटत नाही. मी डोके मागे घेतले. पुन्हा घेतले. तिसऱ्यांदा बाईंनी मावशींना हाक मारली. मावशींनी सवयीने माझे डोके मांडीशी धरले आणि कानात पुटपुटल्या की झालं हं, झालं, शहाणं माझं बाळ ते.

मी हसऱ्याच्या तोंडावर शिंकलो. त्याचा चष्मा गेला. बाई पाठ करून उभ्या राहिल्या. खांदे हलत होते. व्हिडिओ कोणी काढला ते कळले नाही.

२२ फेब्रुवारी
निकाल आला. धूळ नव्हती. हसऱ्या निगेटिव्ह, आणि पथकप्रमुख. माझे फळ्यावरचे अक्षर त्याने तसेच ठेवले आहे, खाली दोन रेघा मारून.

ही म्हणते की मी दोन्ही व्हिडिओ शेजारी शेजारी लावून बघितले, उंटीण निदान आधी माणूस बघून घेते. मेहुण्याने जुनेच गाणे लावले आहे.

परवा जाताना मावशी थांबल्या होत्या. म्हणाल्या की साहेब, तिचा राग धरू नका. ती रागाने थुंकत नाही, घाबरली की थुंकते.

मी मात्र रागानेच शिंकलो. हे स्पष्ट असावे.