दुसऱ्या फ्लॅशचं हसू

४ मार्च
सासूबाई हो म्हणाल्या! किती वर्षं मागे लागलेय — आई, तुमचा दीर्घायुष्याचा फोटो काढू या. मेल्यावर फुलांत ठेवायचा तो फोटो. धडधाकट असताना काढून ठेवला की आयुष्य वाढतं म्हणतात. अख्ख्या बेटावरच्या म्हाताऱ्यांचे मी काढले, घरचीच तेवढी हट्टी! आज फोनवर आपणहून म्हणाल्या, "ये बाई एकदाची. एकदाच बसेन, पुन्हा नाही. आणि तुझ्या सासऱ्यांसारखा नको हं."

सासऱ्यांचा म्हणजे ओळखपत्रावरून मोठा केलेला. दर श्राद्धाला आमच्याकडे डोळे वटारून बघतात. सासूबाई म्हणतात, "इतका हसरा माणूस होता गं, आता कुणाला पटायचं नाही."

म्हणजे हसराच हवा. आणि एकाच बैठकीत.

५ मार्च
गोची अशी की म्हातारी माणसं पहिल्या फ्लॅशला हसतच नाहीत. श्वास रोखून ताठ बसतात. फ्लॅश उडाला की "सुटलो!" म्हणून सैल होतात, आणि तेव्हा हसतात. खरा फोटो तो! पण नेमका त्याच वेळी माझा फ्लॅश दम खात असतो. हे साधे सेल काही कामाचे नाहीत. मागच्या खेपेला माक-रे आजींचं हसू असंच हातचं गेलं, अजून हळहळतेय.

चांगले रिचार्जेबल सेल घ्यायचेच.

८ मार्च
बंदराजवळ प्योकाकांच्या दुकानात गेले. घड्याळं, रेडिओ, कॅमेऱ्याचं सामान — आणि मध्ये काका, सगळ्या मोक्पो शहराच्या उखाळ्यापाखाळ्या काढत. पांढरे सेल घेऊ की काळे? काका म्हणाले, "काळे घे. आकडा बघ केवढा! यांच्यात वीज जास्त मावते." मलाही मोठ्या आकड्याची हाव सुटली. घेतले.

१५ मार्च
धुकं. सासूबाईंच्या बेटाची बोट बंद.

२२ मार्च
परत धुकं! सासूबाई फोनवर — "समुद्रालाच नकोय माझा फोटो." आता बाईंचं मन फिरलं नाही म्हणजे मिळवली.

४ एप्रिल
बरं झालं आज सहज बघितलं! भरून ठेवलेले काळे सेल बॅगेत नुसते पडून उतरले. दोन-चार फ्लॅश उडाले आणि मान टाकली. तशीच तणतणत दुकानात गेले.

काकांनी कपाळावर हात मारला. "चुकलं माझंच, पोरी. आकड्याला भुललो. हे काळे खातात पोटभर, पण बसल्या जागी गळतात. तुझा भरवसा बोटीवर, बोटीचा धुक्यावर. तुला पांढरेच हवेत. कमी मावतं, पण महिनोन् महिने धरून ठेवतात." लगेच बदलून दिले, वर चार्जरमध्ये लावलेही.

सेल भरेपर्यंत जवाचा चहा झाला. काकांचं जाकीट ढगळं वाटलं. विचारलं, जेवता ना नीट? तर म्हणे, "तू डॉक्टर कधीपासून झालीस? चल, माझ्यावर उडवून बघ."

काउंटरमागे असे ताठ बसले, जसं काही पोलिसांनी धरून आणलंय! पहिला फ्लॅश. "झालं?" म्हणाले, आणि ते दोन मेले काळे सेल शिंगांसारखे डोक्याला लावून खो खो हसले — आणि दुसरा फ्लॅश लगेच उडाला! सापडलं हसू! मी दुकानात अक्षरशः उड्या मारल्या. काका कॅमेऱ्यातला फोटो बराच वेळ बघत राहिले. "पुसू नकोस हा."

मी कशाला पुसतेय!

१२ एप्रिल
बोट सुटली! सासूबाई सणासुदीचा नवा हानबोक घालून तयार. मी डबीतून सेल काढतेय तर, "चार? मरणाचा आकडा! माझ्या फोटोला चार? अगं, दवाखान्याच्या लिफ्टमध्येसुद्धा चौथा मजला लिहीत नाहीत, आणि तू मला चारवर बसवतेस!" आई, फ्लॅशला चारच लागतात हो! गप्प बसल्या. तिथेच मला संशय यायला हवा होता.

मी मागचा पडदा बांधला, डबीतले सेल घाईघाईने भरले. पहिला फ्लॅश उडाला. सासूबाई सैल झाल्या, ओठ हलले — आणि फ्लॅश ढिम्म! हसू गेलं. काकांना मनातल्या मनात काय काय बोलले, लिहीत नाही. रडूच फुटलं मला.

तेवढ्यात नजर भिंतीवर गेली. घड्याळ बंद! बाईंनी त्यातला जुनापुराणा सेल काढून माझ्या डबीत सरकवलेला. आणि भरताना नेमका तोच माझ्या हाताला लागलेला. एक थकलेला घुसला की बाकीचे तिघं काय करणार?

"चाराचे पाच केले. बिघडलं कुठं?" वर हे!

हसावं की रडावं! म्हटलं, आई, हा पाचवा तुमच्या ओटीत ठेवा, म्हणजे पाचही झाले आणि फ्लॅशही खूश. पटलं. पुन्हा बसणार नाही म्हणणाऱ्या बाई मुकाट्याने पुन्हा बसल्या. पहिला फ्लॅश — तोच दगडी चेहरा. मग तोंडावर हात नेत म्हणाल्या, "आता जळतील बघ तुझे सासरे!" हात खाली आला आणि दुसरा फ्लॅश उडाला.

मिळाला. देवा, मिळाला!

१३ एप्रिल
फोटो मोठा केला. बघून सासूबाई म्हणाल्या, "ही बाई मरेलसं वाटत नाही." आणि माझा हात धरला. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा. अजून काय पाहिजे मला? धुक्याचे उपकार, घड्याळाचे उपकार, आणि सगळ्यात जास्त प्योकाकांचे.

काकांसाठी वाळवलेला मासा बांधून दिलाय सासूबाईंनी.

१६ एप्रिल
दुकान बंद. लेकीकडे, सोल शहरात गेलेत म्हणे. मासा ठेवलाय जपून. आले की फोटो दाखवेन, मनात दिलेल्या शिव्यांची माफी मागेन, आणि पांढऱ्या सेलांची भरपूर तारीफ करेन. फुगतील नुसते!

२ मे
काकांच्या लेकीचा फोन आला. काल गेले. दुखणं हिवाळ्यातच कळलं होतं त्यांना, कुणाला बोलले नाहीत.

म्हणाली, "ताई, तुमच्याकडे बाबांचे दोन फोटो आहेत ना? पहिला नको म्हणाले होते. दुसरा पाठवा. शिंगांसकट."