गाडीत चार्जिंग नव्हतं

प्रिय कुणालराव,

फोन केला की ऋतुजा तुमच्या शेजारीच असते, म्हणून हे पत्र तुमच्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतोय. वाचून झालं की फाडून टाका.

तुम्ही दोघांनी ती छोटी इलेक्ट्रिक गाडी पाठवली तेव्हा मी केवढा कुरकुरलो होतो! आमची गल्ली अरुंद, खिडकीतून वायर काढून चार्जिंग करायचं, त्यात लाइट गेली की बोंबला. गल्लीतले लोक विचारायचे, ‘मास्तर, गाडीचं जेवण झालं का?’ पण तुमच्या सासूबाईंचं, पंचफुलाचं हृदय दाखवायला दर महिन्याला भाड्याच्या गाडीनं नागपूरला जायचं, तर पेन्शनीचा लचका तुटायचा. ही विजेवर फार स्वस्तात जायची. एका चार्जिंगमध्ये जाणं-येणं भागत नसे, मग डॉक्टरांकडे नंबर लागेपर्यंत तिकडेच चार्जिंगला लावायचो. मे महिन्यात चार्जिंग पुरावं म्हणून मी एसी बंद ठेवायचो आणि ती पदरानं वारा घेत मला कंजूस म्हणायची. आमचं मजेत चाललं होतं हो.

तुम्ही पुण्याचे, गोटमार फक्त ऐकून असाल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमचं पांढुर्णा आणि पलीकडचं सावरगाव जाम नदीत उतरून एकमेकांवर दगड फेकतात. आमचं घर नदीला लागून. पोळ्याच्या संध्याकाळी पंचफुला मागेच लागली, “पोरीच्या कमाईची गाडी हाय. काच फुटली त मी तिले काय सांगू? आजच नेऊन ठेवा गुणवंताकडे.” गुणवंता म्हणजे तिचा भाऊ, सावरगावच्या पार टोकाला शेतात राहतो. तिथवर दगड पोचत नाहीत. मी गाडी नेली, चार्जिंगला लावली आणि पायी परत आलो. उद्या पूल बंद असेल आणि घरात आजारी माणूस आहे, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. गोटमार म्हटलं की इथे सगळे आधी काचा सांभाळतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिला धाप लागली. गुणवंता फोनवर म्हणाला, “भाटवे, फेऱ्याच्या रस्त्यानं निघून राहिलो, धीर धरा.” शेजाऱ्यांनी ऑटो आणला, तो गर्दीत अडकला. गुणवंता गाडी घेऊन पोचला तेव्हा ऑटोतच सगळं संपलं होतं.

ऋतुजानं रडत विचारलं, बाबा, गाडी होती ना दारात? मी म्हणालो, होती, पण रात्रभर लावूनही चार्जिंग नव्हतं. खरं सांगायला जीभ वळलीच नाही.

काल ती म्हणाली, तुम्ही कंपनीवर तक्रार करताय आणि गाडी तपासायला माणसं येणार आहेत. ते लोक मशीन लावतील आणि सांगतील की त्या दिवशी बॅटरी भरलेली होती. मग ऋतुजा विचारेल, गाडी होती कुठे? तिच्या गाडीची काच फुटू नये म्हणून आईनंच ती नदीपार पाठवली, हे मी कोणत्या तोंडानं सांगू? त्या कंपनीवर फुकटचा आळ येतोय, तेही मला कळतं. म्हणून हात जोडतो, ती तक्रार थांबवा. तिला गाडीला शिव्या देऊ द्या. तेवढ्यानं ती निदान दोन घास जेवते.

तुमचाच,
हेमंत