हातात धरलेली सायकल

मंगळवार, संध्याकाळ

दोन वर्षांपूर्वी बागेच्या उतारावर मी सायकलवर टांग मारली, त्या क्षणी सगळं बदललं.

फाटकावर पाटीच आहे : 'ऐतिहासिक उद्यान. सायकल हातात धरून न्यावी.' त्या पाटीमुळंच तर वर्गातल्या नसीमाची सोबत मिळायची. मधे सायकल, माझा हात हँडलवर, तिचा सीटवर. कॉलेज सुटलं की फाटकापासून जुन्या बारवेपर्यंत किती हळू चालायचो!

त्या दिवशी मला सायकलवर चढताना पाहून चौकीदार चाचा तिच्यासमोरच ओरडले, "उतर बे, राजा हायेस काय?" डोकंच फिरलं. तिला म्हटलं, "बस मागं." ती नको नको म्हणाली, तरी मागं बसली. बारवेच्या वळणावर दोघं पडलो, तिचं मनगट मोडलं. लाजेनं मी कॉलेजच सोडलं, पण साधं 'चुकलं' म्हणालो नाही. काऊन?

आज बागेत चाचा म्हणाले, "नसीमा उद्या पुण्याले जाऊन राह्यली, नोकरीवर. इचारत होती, तो अजून तसाच तापट हाय का म्हणून."

परत येताना उतारावरही सायकल हातातच धरली. सीट रिकामी. तिथं तिचा हात असायचा.

आत्ता तिच्या घरापर्यंतही तशीच नेतो. 'चुकलं' एवढंच म्हणायचं, मग ती काहीही बोलो. वही मिटतो. निघतो.