घरातलं वाक्य नको

नाना,

परवा शाळेच्या फाटकावर तुमचा फ्लेक्स पाहिला. तुमचा चष्मा खोडून काढलाय, गाल गुलाबी केलेत, आणि एकंदरीत तुम्ही एखाद्या नगरसेवकाचे थोरले भाऊ दिसता. खाली मोठ्या अक्षरात लिहिलंय, 'इंग्रजीचे भीष्माचार्य'. भीष्माला बायको नव्हती, एवढं तरी लिहिणाऱ्यानं ध्यानात घ्यायला हवं होतं. तुमच्या माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून कोपरगावच्या शाळेत एका खोलीला तुमचं नाव दिलं, आणि त्या समारंभात मी 'सरांची कन्या' म्हणून दोन शब्द बोलावेत असा त्यांचा आग्रह होता. मी फोनवर हो म्हटलं आणि ठेवल्यावर हसले. इतकी वर्षं जे पोटात ठेवलं होतं ते बोलायला लोक मला गाडी पाठवून बोलावत होते. आईला सांगितलं. ती शेंगा सोलत होती. ती म्हणाली, "तुला काय बोलायचं ते बोल. पण मी पुढच्या रांगेत बसलेली असेन, एवढं लक्षात ठेव." हे बोल असं सांगणं होतं की बोलू नको असं, ते मला नगरपासून कोपरगावपर्यंत कळलं नाही.

तुमचं स्वयंपाकघर आठवतं. म्हणजे आईचंच, पण दाराच्या मागच्या बाजूला तुम्ही काळा रंग लावून फळा केला होता, म्हणून तुमचं. संध्याकाळी शाळेतून आलात की तिथं खडूनं एक इंग्रजी शब्द लिहायचा. मग पानं घ्यायची, पण वाढायचं नाही. आधी दादानं त्या शब्दाचं वाक्य करायचं, मग मी. वाक्य झालं की पान. आई पातेल्यावर झाकण ठेवून उभी. तिला तुम्ही कधी वाक्य विचारलं नाहीत, तेव्हा तिचं पान कशावर ठरत होतं देव जाणे. आणि एक नियम होता, सगळ्यांत वरचा. वाक्यात घरातलं माणूस आणायचं नाही. घर, घरातली माणसं, घरातली भांडणं, काही नाही. "घरातलं वाक्य नको," तुम्ही बोट वर करून म्हणायचात, "भाषा बाहेर बोलायला असते." म्हणून आमच्या वाक्यांत जगभरचे राजे, चांभार, शिंपी आणि एक जॉन नावाचा मुलगा असे. त्या जॉनचं काय दुखतं, काय खुपतं, सगळं आम्हाला ठाऊक होतं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, हीच तुमची इंग्रजी शिकवायची पद्धत.

मी आठवीत असताना आई मोरीत घसरली. उजवा हात खाली आला. आवाज मी ओट्यापाशी ऐकला. तुम्ही येता, बघता, आणि म्हणता, "मुरगळलाय." हात तोवर कोपरापर्यंत फुगलाय. तुम्ही समास आखायची लाकडी पट्टी घेता, जुन्या धोतराची चिंधी फाडता आणि तो हात पट्टीला बांधून टाकता, मोठ्या नीटनेटकेपणानं, गाठ बरोबर मध्यावर. समास चांगला आखला होता, यात वाद नाही. आई दोनदा म्हणाली, दवाखान्यात जाऊन येऊ या का. तुम्ही म्हणालात, पेपर तपासून झाले की बघू. सहामाहीचे गठ्ठे होते. मी ते गठ्ठे पाहिलेत, नाना. ते काही रडत नव्हते.

त्या दिवसांत आमच्या घरी नुसता मऊ भात. एका हातानं पोळ्या लाटता येत नाहीत आणि भाकरी थापता येत नाही, हे कुणी सांगायला नको. तरी तिसऱ्या का चौथ्या दिवशी तुम्ही पानाकडे बघून विचारलंत, "रोज भातच का?" आणि त्याच संध्याकाळी दारावर शब्द आला, मेंड. तुम्ही अर्थ समजावलात. फाटलेलं सांधणं, मोडलेलं दुरुस्त करणं, जखम, हाड भरून येणं, सगळ्याला हा एक शब्द चालतो, किती सुंदर शब्द आहे बघा. दादा हुशार. त्यानं लगेच "द कॉब्लर मेंड्स शूज" टाकलं आणि त्याचं पान वाढलं गेलं. मी आईच्या हाताकडे बघत होते. मी म्हटलं, "माय मदर्स हँड हॅज नॉट मेंडेड." तुम्ही डोळे मिटून ऐकलंत. मग म्हणालात, "वाक्य बरोबर आहे. काळही बरोबर आहे. पण घरातलं वाक्य नको. दुसरं कर." मी केलं नाही. तुम्ही जेवलात, दादा जेवला, हात धुऊन बाहेर गेलात. मला भात आईनं नंतर डाव्या हातानं वाढला, दाराआड, त्या फळ्याच्याच आड. ती म्हणाली, "काय बोललीस ग त्यांना?" मी सांगितलं नाही.

हाड जुळलं, वाकडं. महिन्याभरानं शेजारच्या काकू तिला हाडवैद्याकडे घेऊन गेल्या, तर तो म्हणाला, आता काय, बसलंय तसंच बसलं. तेव्हापासून मनगटावर आवळ्याएवढा उंचवटा आहे आणि चारचौघांत ती तो हात पदराखाली ठेवते. तुम्ही त्यावर कधी एक अक्षर काढलं नाहीत. तुमच्या खुर्चीचा पाय विटेवर होता, नळ ठिबकत होता, रेडिओला रबर बांधलेलं होतं, आणि तुम्ही त्याच खुर्चीत बसून पोरांना दुरुस्तीचे शब्द शिकवत होता. लोकां सांगे ब्रह्मज्ञान. तुम्ही गेलात तेव्हा मला रडू आलं नाही. आलेल्या बायका म्हणाल्या, पोरगी धीराची आहे. धीर कसला, मला कंटाळा आला होता तुमचा.

तर समारंभ. शाल, श्रीफळ, हार, आणि जो तो उठून सांगतोय की सरांमुळे मी घडलो. मला ऐकताना मजा येत होती. एकानं तर तुम्हाला 'मनानं हळवे' म्हटलं. मग सुप्याच्या एमआयडीसीत सुपरवायझर असलेला एक जण उभा राहिला, शेतकऱ्याघरचा, चांगला दणकट माणूस. त्यानं माइक दोन्ही हातांनी धरला. मग म्हणाला, "आमचं शिक्षन तेवढंच, चुकलं तर माफ करा. मी दहावीला हुतो. गॅदरिंगच्या आधी मलखांबावरनं पडलो, हात मोडला. लई रडत हुतो. सर वर्गात पेपर तपासत बसलेले. तसेच गठ्ठे टाकून उठले, मला सायकलीवर पुढं बसवलं अन् सरकारी दवाखान्यात. पलाष्टर हुईस्तोवर हलले न्हाईत. अन् रोज डबा घिऊन यायचे. सरांच्या घरच्या काकू मला मऊ भात करून द्यायच्या, तूप घालून. मला वाटायचं, आजाऱ्याला म्हणून मुद्दाम करतात. आजबी मऊ भात पाहिला की मला सर आठवतात."

नाना, तुम्ही घरून डबा नेलात ते एकाच वर्षी, आणि त्या गॅदरिंगला आई पट्टी बांधलेला हात पदराखाली घेऊन आली होती. मी विसरलेले नाही, मी तिच्या शेजारी बसले होते. तेच दिवस. तेच गठ्ठे. तोच भात. कुणीतरी विद्यार्थी आजारी आहे, डबा दे, एवढंच तुम्ही घरी म्हणाला होतात. म्हणजे मोडलेला हात कसा दिसतो हे तुम्हाला कळत होतं. कळत नव्हतं असं धरून मी तुमची इतकी वर्षं नुसती कीव केली, तेवढी सूटही तुम्ही ठेवली नाहीत. दवाखान्यात बघायला डॉक्टर होते, नर्स होत्या, पोराचा बाप होता. मोरीत कोण होतं बघायला?

तो माणूस खाली उतरून आईच्या पाया पडला. आईनं डाव्या हातानं त्याचा हात धरला, कोपरापासून मनगटापर्यंत चाचपून बघितला आणि म्हणाली, "चांगला बसलाय हो."

मग माझं नाव पुकारलं. मी माइकपाशी गेले. घरून ठरवलेलं सगळं भाषण त्या भातात गेलं होतं. समोर आई, हात परत पदराखाली. मी म्हटलं, नाना घरी आम्हाला रोज एक शब्द द्यायचे. एकदा शब्द होता मेंड. तेव्हा मी केलेलं वाक्य मी आज पुन्हा म्हणते. आणि म्हटलं, स्पष्ट, सावकाश, "माय मदर्स हँड हॅज नॉट मेंडेड." मला वाटलं, लागलं. आणि मागच्या बाकावरून कोणीतरी बोट वर करून ओरडलं, "घरातलं वाक्य नको!" अख्खा हॉल हसला. मग सगळेच बोट वर करून, एका सुरात, तुमच्या आवाजात, घरातलं वाक्य नको, घरातलं वाक्य नको. माणसं डोळे पुसत होती. प्रेमानं, नाना. तुम्ही तो नियम शाळेतही लावला होतात हे मला ठाऊक नव्हतं. टाळ्या पडल्या आणि मला शाल मिळाली.

परतताना राहुरीच्या पुढं आईनं विचारलं, "काय म्हणालीस ग? एवढे का हसले?" मी तिला वाक्याचा अर्थ सांगितला, आणि तेव्हा स्वयंपाकघरातही हेच म्हटलं होतं, हेही सांगितलं. तिनं पदराखालचा हात काढून मांडीवर ठेवला. म्हणाली, "त्या पोराचा हात मोडलाय हे मला माहीत होतं. त्यांनीच सांगितलं, डबा भरताना. मी डाव्या हातानं झाकण लावत होते, लागेना. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. मग डबा उचलला आणि गेले." मी विचारलं, तू काही बोलली नाहीस? ती म्हणाली, "मी नाही बोलले ते नाही बोलले. तू तर बोललीस ना, दोनदा. मग मराठीत का नाही बोललीस? हात माझा आहे. मला कळायला नको?"

आठवीतल्या पोरीला एक वेळ माफ करता येईल. पण परवा मी त्याच भाषेत बोलले जी तिला येत नाही, आणि तुमच्या माणसांपुढे बोलले. त्यांनी ते व्याकरणाचं उदाहरण समजून टाळ्या दिल्या.

म्हणून हे मराठीत लिहिलंय. तुम्हाला पाठवायचा प्रश्नच नाही, आणि पाठवता आलं असतं तर तुम्ही लाल शाईनं पहिलं विरामचिन्ह दुरुस्त केलं असतं. मी लिहायला बसले ते आईला वाचून दाखवायला. ती आत पोळ्या लाटतेय. डावा हात लाटणं ढकलतो, उजवा नुसता टेकवलेला असतो, आणि पोळी तरीही गोल होते. हे कागद घेऊन मी दोनदा उठून दारापर्यंत गेले. आमच्या या फ्लॅटच्या दारामागं फळा नाही, काही नाही, साधं पांढरं दार आहे. तरी मी आधी त्याच्यामागं डोकावून बघितलं, आणि परत येऊन बसले.