जांभळी कड

प्रिय भिंग्या,

तुझ्याविरुद्ध एक गंभीर तक्रार आहे, तेव्हा बसून वाच. तू आग्रहानं घ्यायला लावलेल्या त्या एकपायी काठीनं भर मैदानात माझी अब्रू घेतली. कॅमेरा तिच्यावर टेकवला की हात हलत नाही, हे तुझं म्हणणं कबूल. पण कॅमेरा पिशवीत असताना ती काठी कशी दिसते, याचा विचार केला होतास का? फाटकावरच्या रखवालदारानं माझा दंड धरला, "या आजोबा, सावकाश, पायरी आहे" म्हणत मला थेट ज्येष्ठांच्या बाकावर नेलं आणि तिथल्या खऱ्याखुऱ्या आजोबांना सरकायला लावलं. टिटवी हे सगळं धावपट्टीवरून बघत होती. काड्यांसारख्या पायांवरून माझ्या पुतणीला तू ते नाव ठेवलंस, त्याचा सूड तिनं माझ्यावर उगवला. घरी पोचेपर्यंत मी 'एकपाद काका' झालो होतो. तिला संस्कृत शिकवल्याचं हे फळ.

आता भिंगाकडे वळतो. भिंगावर कोरलेली अक्षरं आणि आकडे म्हणजे सूत्र, आणि तुझं पत्र म्हणजे त्यावरचं भाष्य. परंपरेप्रमाणे भाष्य सूत्राहून अवघड. तरी सार कळलं. खेळ उघड्यावर, भर उन्हात, तेव्हा मोठ्या तोंडाचं, तान्ह्या बाळासारखं सांभाळावं लागणारं महाग भिंग शिक्षकानं घेऊ नये. तीनशे मिलिमीटरपर्यंत पोचणारं जुनं, हलकं झूम घ्यावं, पळणारे पाय गोठवण्यापुरता वेग ठेवावा आणि सुखानं जगावं. आठवडाभर लोकांची हृदयं तपासणारा आणि रविवारी पाणथळीत पक्ष्यांमागे पोटावर सरपटणारा डॉक्टर सांगतोय म्हटल्यावर मी ऐकलं. स्टुडिओवाल्याकडून एक वापरलेलं घेतलं.

हे फोटो माझ्या हौसेचे नाहीत, हे तुला ठाऊक आहे. दादा गेल्यापासून वहिनी मैदानावर पाऊल ठेवत नाही. पोरीनं धावायचं म्हटलं तेव्हा "धावू दे तिला, भाऊजी" असं तीच म्हणाली, पण शर्यतीच्या सकाळी ती घरातली सगळी भांडी घासायला काढते. मी परतलो की हात पुसत येते, कॅमेऱ्याच्या पडद्यावर एकेक फोटो बघते, केस विस्कटलेत, मोजे घसरलेत, असलं काहीतरी पुटपुटते आणि शेवटचा फोटो बघून झाल्यावरच चहा ठेवते. लेक पूर्ण फेरी मारून परत आली, एवढंच तिला डोळ्यांनी बघायचं असतं. त्यासाठी समोरच्या वळणावरचे फोटो लागतात, आणि माझ्या पहिल्या भिंगात टिटवी तिथे नुसता ठिपका असायची.

ठिपक्याचं मला वावडं आहे. दादाच्या शेवटच्या शर्यतीत, याच मैदानावर, त्याच्या कचेरीच्या सामन्यांत, मी अंतिम रेषेपाशी साधा कॅमेरा घेऊन उभा होतो. समोरच्या वळणाचा एक फोटो निघाला. त्यातला पांढरा ठिपका म्हणजे दादा. पुढच्या फोटोत ठिपका नाही. मी तो पहिला फोटो इतका मोठा करून घेतला, की शेवटी कागदावर करडे दाणे उरले, चेहरा नाहीच. दादाच्या मागून धावणारा एक कारकून नंतर आम्हाला भेटायला आला होता. "ओठ निळे दिसले होते हो," तो म्हणाला, "मला वाटलं, थंडी आहे." जवळून पाहिलं ते त्यानंच.

तू लिहिलं होतंस, लांबचं भिंग अंतरं दाबून टाकतं, मागचं पुढच्याला येऊन चिकटतं. अगदी खरं आहे, आणि ते कुणी एकट्यानं बघू नये. उन्हानं पट्टीवरची हवा थरथरत असते. त्यातून टिटवी वळणावर येते, उजवं कोपर बाहेर काढून, हुबेहूब दादासारखी. हे तिला कुणी शिकवलेलं नाही. तो गेला तेव्हा ती रांगत होती. दादा कोसळला त्या जागेशी ती आली की माझं बोट कळीवर अडतं. जागा ओलांडली की मी खटाखट फोटो काढतो, आणि अर्थातच ते सगळे पाठीचे येतात. वहिनी विचारते, "भाऊजी, हिला तोंड नाही का?"

एकदा निश्चय करून बोट अडू दिलं नाही. तोंडाचा फोटो आला, चांगला स्पष्ट. मोठा केला तर ओठांना जांभळट कड. भिंग सदोष आहे असं मी तुला खरमरीत लिहिलं, ते तेव्हा. तू उत्तर दिलंस, की स्वस्त भिंगांचा हा जुनाच रोग आहे; पूर्ण लांबवलं की उजेड-अंधाराच्या सीमेवर जांभळा रंग झिरपतो. पाहतो तर खरंच, कठड्याला कड, बनियनला कड, पंचांच्या टोपीला कड! कुठल्याच दोषानं मला इतका आनंद दिला नव्हता. तू सांगितल्याप्रमाणे संगणकावर एका टिचकीत तो रंग पुसला. कठडा स्वच्छ, टोपी स्वच्छ, टिटवीचे ओठ गुलाबी. वहिनीनं तो फोटो छापून कपाटावर चिकटवला. येता-जाता दिसतो. पण टिचकीला काय कळतंय? ती भिंगाचा जांभळा पुसते, तसा पोरीचाही पुसते.

म्हणून काल, रविवारी, स्टुडिओवाल्याचं ते जडशीळ, महागडं भिंग एका दिवसासाठी भाड्यानं नेलं. "मास्तर, शौक वाढला तुमचा," तो म्हणाला. मी हसलो. काठी त्या वजनानं मातीत रुतली. या वेळी रखवालदारानं माझ्यासाठी खुर्चीच आणली, आणि खरं सांगतो, मी बसलो.

दोन्ही भिंगांचे फोटो सोबत आहेत. महागड्या भिंगाच्या फोटोत आधी कठडा बघ, मग टोपी, दोन्ही स्वच्छ; मग ओठ. मी काहीही पुसलेलं नाही. पोरीला विचारलं तर म्हणते, "दम लागतो हो काका, तेवढंच." फोनवर हे बोलवलं नाही, वहिनी सदैव पलीकडच्या खोलीत असते. लहानपणी तू टिटवीला तपासलंस, सगळं ठीक आहे, मोठी होताना पुन्हा दाखवा म्हणालास. ते 'पुन्हा' या घरात कुणी उच्चारलं नाही. येत्या रविवारी तिची अंतिम शर्यत आहे. तिचे धावायचे बूट मी शब्दकोशांमागे लपवलेत, सकाळपासून ती घर पालथं घालतेय आणि संशय माझ्यावरच आहे. गुरुवारी पहिल्या गाडीनं तिला घेऊन येतो. वहिनीला काय सांगायचं, ते अजून सुचलेलं नाही. इतके दिवस मी भिंगाचं विचारत राहिलो आणि तू बिचारा भिंगाचंच सांगत राहिलास. मला भिंग नकोय रे. टिटवीला दादाचं कोपर मिळालं, तसं त्याचं हृदयही मिळालं असेल, याची मला भीती वाटते.

तुझाच,
शास्त्री